काका, तो फायरवॉल आता काढला तरी चालेल

एका वाचकांचं पत्र:

"ताई, नमस्कार. मी कराडला राहतो, जिल्हा परिषदेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली. विंडोज एक्सपीच्या काळात पुतण्याने शिकवलं होतं की कॉम्प्युटर घेतला की आधी झोनअलार्म नावाचा फायरवॉल टाकायचा, तेव्हापासून मी ते करत आलो. आता मुलाने विंडोज ११ चा नवा लॅपटॉप घेऊन दिलाय आणि म्हणतो बाबा काही टाकू नका, सगळं आत असतं. आमचा दुरुस्तीवाला म्हणतो विंडोजचा फायरवॉल फक्त नावाला असतो, मी कोमोडो टाकून देतो, फुकट आहे. या लॅपटॉपवर पेन्शनचं नेट बँकिंग, विजेचं बिल, नातवंडांचे फोटो असं सगळं आहे. जुना विंडोज ७ चा डेस्कटॉपपण अजून चालू आहे. कुणाचं ऐकू?"

काका नमस्कार,

मुलाचं ऐका. वेगळा फायरवॉल, म्हणजे नेटवरून न बोलावता येणाऱ्याला अडवणारं सॉफ्टवेअर, टाकायची गरज नाहीये, विंडोजचा स्वतःचा आहे तो चालू ठेवा आणि त्याला हात लावू नका. पण एवढंच सांगून थांबले तर तुमचं समाधान होणार नाही, कारण वीस वर्षं तुम्ही जे करत आलात ते वेडेपणाने केलेलं नव्हतं. तुमच्या पुतण्याने तेव्हा दिलेला सल्ला शंभर टक्के बरोबर होता, मीसुद्धा तेव्हा लोकांना हेच सांगायचे.

ऑगस्ट २००३ मध्ये मी सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासला शिकवायचे. डायलअप लावायचा, मोडेमची ती किरकिर संपायची, आणि नेट लागल्यावर चार-पाच मिनिटांत स्क्रीनवर एक चौकट यायची, सिस्टम शटडाऊन, आणि खाली उलटी मोजणी, ५९, ५८, ५७, की मशीन बंद. परत चालू करा, परत नेट लावा, परत तेच. तो ब्लास्टर वर्म, म्हणजे नेटवरून एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा खराब प्रोग्रॅम. कुणी काही उघडलेलं नव्हतं, कुठली सीडी घातलेली नव्हती, फक्त नेटला जोडलं एवढाच काय तो गुन्हा. विंडोजमधली आरपीसी नावाची एक सेवा बाहेरून येणाऱ्या कुणाच्याही हाकेला ओ द्यायची आणि त्या ओ देण्यात एक भोक होतं. त्याचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारी दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच काढलेला होता, पण आमच्यापैकी कुणी तो टाकला नव्हता, आणि आता डाऊनलोड करायला घेतला की तो उतरायच्या आत मशीन बंद पडायचं. शेवटी कुणीतरी फोनवर सांगितलं की स्टार्टमध्ये रनला जाऊन शटडाऊन मायनस ए असं टाईप कर म्हणजे मोजणी थांबते, आणि मग कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर एक छोटा चौकोन आहे त्यात टिक कर. तो चौकोन म्हणजे एक्सपीचा फायरवॉल! होता, २००१ पासून होता, पण बंद करून दिलेला. बारा मशीनवर मी ती टिक स्वतः केली आणि त्या दिवशी क्लास सुरू झाला.

म्हणजे त्या काळात घरचा कॉम्प्युटर थेट इंटरनेटवर उघडा बसलेला असायचा, मध्ये काहीच नसायचं, आणि जे होतं ते बंद. म्हणून झोनअलार्म, सायगेट, केरिओ ही नावं घरोघरी पोचली. पुढच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी सॅसर आला, तोही असाच न बोलावता आत शिरणारा, आणि मग ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ हा मोठा अपडेट आला त्यात फायरवॉल आपोआप चालू करून दिला गेला. तिथून पुढे तो चालूच असतो. तुमच्या नव्या लॅपटॉपवरही पहिल्यांदा बटण दाबल्यापासून तो चालू आहे, कुणी काही करावं लागलेलं नाही.

तो करतो काय, तर वाड्याच्या दिंडी दरवाजाला आतून कडी असते ना, तसं समजा. आतल्या माणसाने बाहेर जाऊन काही मागवलं तर ते घेऊन येणाऱ्याला आत घेतात, पण कुणी न बोलावता कडी वाजवली तर उघडतच नाहीत. तुम्ही बँकेची साईट उघडलीत म्हणजे आतून मागणी गेली, तिचं उत्तर आत येतं. बाहेरच्या कुणी स्वतःहून तुमच्या लॅपटॉपशी बोलायचा प्रयत्न केला तर तो तिथेच अडतो. ब्लास्टर आणि सॅसर दोघंही या कडीपाशीच थांबले असते. शिवाय आता तुमच्याकडे वायफायचा राउटर आहे, घरातली सगळी यंत्रं त्याच्या आडोशाला बसतात आणि बाहेरच्याला दिसतो तो फक्त राउटर. हे डायलअपच्या वेळी नव्हतं. (आता बऱ्याच फायबर कनेक्शनवर आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत मिळते, त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा वेगळा पत्ता असू शकतो, त्यामुळे राउटर आहे ना मग विंडोजचा बंद केला तरी चालेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दोन्ही हवेत.)

आता तुमच्या दुरुस्तीवाल्याचं. तो खोटं बोलत नाहीये, त्याच्या म्हणण्याला एक आधार आहे. एक्सपीचा फायरवॉल फक्त आत येणारं अडवायचा, बाहेर जाणारं बघायचाच नाही, आणि झोनअलार्मची खासियत तीच होती की एखादा प्रोग्रॅम बाहेर जायला निघाला की तो तुम्हाला विचारायचा, जाऊ देऊ का? एक्सपीनंतर आलेल्या व्हिस्टापासून विंडोजच्या फायरवॉललाही बाहेर जाणारं अडवता येतं, पण मूळ सेटिंगमध्ये ते मोकळं सोडलेलं असतं, ज्याला जायचंय त्याने जावं. दुरुस्तीवाला "नावाला" म्हणतो ते यावरून. ऐकायला पटतं, की बाबा एखादा व्हायरस आत शिरून तुमची माहिती बाहेर पाठवायला लागला तर निदान कळेल तरी.

पण विचारल्यावर उत्तर कोण देणार?

माझी मावशी मिरजेला असायची, शाळेत मुख्याध्यापिका होती, अतिशय काटेकोर बाई. तिच्या मशीनवर असाच एक फुकट फायरवॉल कुणीतरी टाकून दिला होता. तिने एक शंभर पानी वही केली होती, त्यात तारीख, विचारणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव, आणि आपण हो म्हटलं की नाही, असे तीन रकाने आखलेले, पट्टीने. पहिली चार पानं मी स्वतः बघितलीयेत. वर्ड, हो. प्रिंटर, हो. मग एक दिवस चौकट आली की "जेनेरिक होस्ट प्रोसेस फॉर विन३२ सर्व्हिसेस" इंटरनेटवर जायला बघतंय. आता हे नाव वाचून कुठल्याही शहाण्या माणसाला संशयच येणार, आपण तर असलं काही घेतलेलं नाही. तिने नाही म्हटलं आणि "लक्षात ठेव" वर टिक केली. आणि नेट गेलं. आठ दिवस गेलं. कनेक्शनवाला दोनदा येऊन वायर बदलून गेला. ते नाव विंडोजच्याच स्वतःच्या सेवांचं होतं, साईटचा पत्ता शोधून देणारी सेवासुद्धा त्याच नावाखाली चालते, ती अडवली की कुठलीच साईट उघडत नाही. मी गेले, वही बघितली, आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानंतर मावशी सगळ्यालाच हो म्हणायला लागली आणि वही बंद झाली.

हेच सगळीकडे होतं, आणि यात मावशीची काही चूक नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला प्रोग्रॅमरला पण गुगल करावं लागतं तो प्रश्न दिवसातून दहा वेळा घरच्या माणसाला विचारायचा, तर तो एक तर घाबरून नाही म्हणणार आणि काहीतरी बंद पडणार, किंवा कंटाळून हो म्हणणार आणि मग विचारण्यात काही अर्थच उरणार नाही. शिवाय व्हायरस बनवणारे पण बसून नसतात. एखादा खराब प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने चालू झाला की तो फायरवॉलमध्ये स्वतःला परवानगी लिहून घेऊ शकतो, नाहीतर तुमच्या ब्राउझरच्या आडून बाहेर जातो, आणि ब्राउझरला तर तुम्ही कधीच हो म्हटलेलं असतं. चोर आत आल्यावर तो बाहेर पडताना दारात अडवू ही कल्पना घरच्या मशीनवर फार कमी वेळा चालते. आत येऊ न देण्यातच सगळं आहे.

आणि आता ते आत कसे येतात ते बघा, कारण माझी खरी काळजी इथे आहे. तुम्ही विजेचं बिल लॅपटॉपवर भरता म्हणालात. तर तुम्हाला मेसेज येईल, मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर अधिकाऱ्याशी बोला. असले मेसेज महाराष्ट्रात हजारो घरांत आलेत, महावितरणने स्वतः पुन्हा पुन्हा सांगितलंय की आम्ही असे खासगी नंबरवरून मेसेज पाठवत नाही. फोन केला की पलीकडचा माणूस फार गोड बोलतो, मराठीतसुद्धा बोलतो, आणि सांगतो एक छोटं ॲप टाका म्हणजे मी इथून करून देतो, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर किंवा तसलंच काही. ही ॲप्स मुळात वाईट नाहीत, ऑफिसांत रोज वापरतात. पण नऊ आकडी किंवा दहा आकडी नंबर तुम्ही त्याला वाचून दाखवलात की तुमचा स्क्रीन त्याच्यासमोर. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना याबद्दल सावध केलं होतं.

यात फायरवॉल काय करेल? काही नाही काका, कुठलाच फायरवॉल काही करणार नाही, कोमोडो नाही आणि विंडोजचाही नाही, कारण कडी तुम्हीच आतून काढलेली असते. त्याच्या लेखी घरच्या मालकाने स्वतःच्या हाताने ॲप टाकलंय आणि बाहेरून मदत मागवलीय. म्हणून जो माणूस मनात धरून बसतो की माझ्याकडे जोरदार फायरवॉल आहे, मला काही होणार नाही, त्याच्यासाठी मला जास्त भीती वाटते. फोनवर कुणीही, बँकेचा, विजेचा, पोलिसांचा, मायक्रोसॉफ्टचा, काहीतरी टाका म्हणाला की फोन ठेवायचा. आणि पैसे गेलेच तर लाजून गप्प बसायचं नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावायचा, पहिल्या तासा-दोन तासांत लावला तर रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त असते. हा नंबर फ्रिजवर चिकटवा, काकूंनाही दाखवा.

फुकटच्या फायरवॉलबद्दल अजून एक. फुकट देणाऱ्यालाही कुठूनतरी कमवायचंय, म्हणून बरोबर टूलबार येतो, सर्च बदलतो, स्वतःचा ब्राउझर येतो, पैसे भरून पुढची आवृत्ती घ्या अशा चौकट्या येतात. २०१६ मध्ये गुगलच्या एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं की कोमोडोच्या सिक्युरिटी पॅकेजबरोबर येणारा क्रोमोडो ब्राउझर वेबची एक मूलभूत सुरक्षा बंद करून टाकत होता, ती म्हणजे एका साईटने दुसऱ्या साईटच्या माहितीत हात घालायचा नाही ही. नंतर त्यांनी ते दुरुस्त केलं, पण सांगायचा मुद्दा हा की सुरक्षेसाठी म्हणून जे टाकतो त्यातही भोकं असतात, आणि जितकं जास्त टाकाल तितकी जास्त. तुमच्या झोनअलार्मचं पण आहे, जुलै २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डीएनएसचा, म्हणजे साईटचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा, एक पॅच आला आणि झोनअलार्म असलेल्या मशीनवर तो बसल्यावर नेटच बंद झालं, लोकांनी पॅच काढून टाकले, म्हणजे सुरक्षेच्या सॉफ्टवेअरसाठी सुरक्षेचा पॅच काढला. विंडोजचा फायरवॉल अपडेटबरोबर चालतो कारण तो तिथलाच आहे.

आणि ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ते हे: बाहेरचा फायरवॉल टाकला की विंडोज आपला बाजूला सारून त्याच्या हातात कारभार देतं. मग काही महिन्यांनी तो नीट न काढता अर्धवट काढला, किंवा कुणी क्रॅक सॉफ्टवेअर टाकायला आला आणि "आधी फायरवॉल बंद करा" म्हणून बंद करून गेला, की दोन्ही बंद असं होऊन बसतं आणि कुणाला पत्ता नसतो.

तेव्हा हे आजच बघा. स्टार्टवर क्लिक करून विंडोज सिक्युरिटी असं टाईप करा, उघडा, त्यात फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन. तीन ओळी दिसतील, डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक. तिन्हींच्या खाली फायरवॉल इज ऑन असं हिरव्या टिकसह असलं पाहिजे. एखाद्या ओळीत दुसऱ्याच कंपनीचं नाव दिसलं तर समजायचं की कुणीतरी आधीच काहीतरी टाकून गेलंय. घरच्या वायफायला प्रायव्हेट ठेवा, प्रिंटर वगैरे दिसायला ते लागतं, आणि एसटी स्टँड, हॉस्पिटल, लॉज, मुलाच्या सोसायटीचं क्लबहाऊस, जिथे अनोळखी लोक त्याच वायफायवर असतात तिथे पब्लिक. विंडोज ११ नवीन वायफायला स्वतःहून पब्लिकच धरतं, त्यामुळे घरचं एकदा बदलायचं, बाकीचं तसंच सोडायचं.

कधीतरी विंडोजचीही चौकट येईल की अमक्या प्रोग्रॅमची काही फीचर्स अडवलीयेत, अलाऊ करू का. ही झोनअलार्मसारखी नाही, हे लक्षात घ्या. हा प्रश्न बाहेर जाण्याचा नसतो, तो प्रोग्रॅम बाहेरच्यांसाठी दार उघडून बसू का असं विचारतोय. कळलं नाही तर सरळ कॅन्सल करा, बहुतेक वेळा प्रोग्रॅम नेहमीसारखाच चालतो.

जो वेळ तुम्ही फायरवॉल निवडण्यात घालवणार होता तो राउटरवर घाला. केबलवाला बसवून गेला तेव्हा त्याचा ॲडमिनचा पासवर्ड कुणी बदलला का? वायफायचा नाही म्हणत मी, राउटरच्या आतल्या सेटिंगचा. बहुतेक घरांत तो मूळचा, ॲडमिन-ॲडमिन असतो. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमांना मालवेअरने, म्हणजे खराब प्रोग्रॅमने, गाठलं ते नेमकं यामुळेच, ज्यांनी मूळचा पासवर्ड बदललेला नव्हता ते सापडले. त्याआधी २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले सीसीटीव्ही कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारे डीव्हीआर असेच मूळच्या पासवर्डांनी ताब्यात घेतले होते. तुमच्याकडे कॅमेरे असतील आणि बसवणाऱ्याने "मोबाईलवर दिसायला" म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून दिला असेल तर ते मुलाला बघायला सांगा, आणि राउटरमधलं रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून सेटिंग बदलायची सोय) बंद करायला सांगा. मुलगा सुट्टीला येईल तेव्हा अर्ध्या तासाचं काम आहे.

विंडोज ७ च्या डेस्कटॉपचं मात्र मी कडक सांगणार. त्याला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट बंद झालेत. त्यावर जगातला कुठलाही फायरवॉल टाकलात तरी आतली भोकं तशीच राहतात. मे २०१७ चा वॉनाक्राय आठवत असेल, फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा, त्याचा पॅच मार्चमध्ये आलेला होता, ज्यांनी टाकला ते वाचले. तेव्हा निदान पॅच होता तरी, आता पुढचं भोक सापडलं तर विंडोज ७ ला पॅचच येणार नाही. त्यावर बँक उघडायची नाही, अजिबात नाही. जुने फोटो, टायपिंग, गाणी एवढ्यासाठी ठेवायचा असेल तर त्याची नेटची वायर काढून ठेवा, आणि फोटोंची एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ती डिस्क कपाटात ठेवा, सतत जोडून नको. ओळखीत कुणी विंडोज १० वर असेल तर त्यांनाही सांगा की त्याचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले.

काही लोकांना वेगळं काही टाकायचा उपयोग होतो, हेही खरं. कुणी डोंगलवर मोजका डेटा वापरतो आणि कुठला प्रोग्रॅम तो खातोय ते बघायचंय, किंवा एखाद्याला आवडच आहे, कोण कुठे बोलतंय ते समजून घ्यायचंय, त्याच्यासाठी ग्लासवायर, टायनीवॉल, सिम्पलवॉल अशी हलकी सॉफ्टवेअर आहेत, ती विंडोजच्याच यंत्रणेचा आधार घेऊन चालतात आणि टायनीवॉल तर चौकट्या दाखवतच नाही. तुमचा पुतण्या अजून या नादात असेल तर त्याला आवडेल. पण पेन्शन बघणाऱ्या लॅपटॉपला त्याची गरज नाही.

त्यापेक्षा मुलाकडून एक करून घ्या. लॅपटॉपवर दोन खाती करायची, एक ॲडमिनिस्ट्रेटरचं, त्याचा पासवर्ड वहीत लिहून ठेवायचा, आणि दुसरं साधं, स्टँडर्ड, जे तुम्ही रोज वापरायचं. मग काहीही टाकायचं म्हटलं की पासवर्ड मागेल, आणि वही आणायला उठाल तेवढ्यात विचार करायला वेळ मिळेल की हे आपण स्वतः ठरवून टाकतोय की फोनवरचा माणूस टाकायला लावतोय.

दुरुस्तीवाल्याला वाईट वाटू देऊ नका, त्याला म्हणा कोमोडो राहू दे, त्याऐवजी पंखा साफ करून दे आणि पेंडिंग अपडेट सगळे बसवून दे. त्याने आधीच काही टाकलं असेल तर सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीतून ते काढायला लावा, लॅपटॉप एकदा बंद करून चालू करा, आणि त्या तीन ओळी परत बघा. तिन्हीकडे ऑन दिसत नसेल तर त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून मला पाठवा, बँकेचं काही त्यात दिसत नाही ना तेवढं बघून.